नेदरकोंबचा एकुलता एक कांदा

"इंग्लंडात अजून गुन्हेगार शिल्लक आहेत, कारण ते आपल्या नेदरकोंबमध्ये राहत नाहीत," असं मिस्टर ऑगस्टस ट्रेडगोल्ड स्वतःविषयी बोलताना सांगत, आणि स्वतःविषयी ते न्याहारीपासूनच बोलायला लागत. गरुडाची नजर, शिकारी कुत्र्याचं नाक आणि न्यायाधीशाचा मेंदू एवढा ऐवज देवाने आपल्या एकट्याच्या डोक्यात कोंबलाय, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. लढाईपूर्वी ते टाय आणि हातमोजे विकत. लढाई लागल्यावर ते गावाचे हवाई हल्ल्याचे वॉर्डन झाले, आणि कुणाच्या ब्लॅकआउटच्या काळ्या पडद्यातून उजेडाची रेघ बाहेर येते हे हुंगता हुंगता गुप्तहेरही झाले. हाताखाली सहायक एकच. ती बिनपगारी होती, स्वयंपाकही करायची, आणि तिचं नाव म्युरिएल ट्रेडगोल्ड. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर तिला कशाचं म्हणून आश्चर्य वाटत नसे.

त्या शनिवारी सकाळी पाद्रीबुवा लिडयार्ड टोपी न घालताच धावत आले.

"ट्रेडगोल्ड, कांदा गेला!"

ऑगस्टसच्या हातातला मार्गारिन लावलेला पाव खाली पडला, मार्गारिनच्या बाजूने.

कांदा गेला म्हणजे काय गेलं, हे ज्यांच्या टोपलीत चार कांदे पडलेत त्यांना नाही कळायचं. फ्रान्स जर्मनांच्या घशात गेला, आणि पाठोपाठ तिकडचे कांदेही गेले. वर्षभरात गावाने कांद्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पाद्रीबुवांच्या बहिणीने कुठूनसा एक पैदा केला आणि लढाऊ विमानांच्या निधीसाठी त्याची सोडत जाहीर केली. आठवडाभर तो गावाच्या हॉलमध्ये काचेच्या झाकणाखाली विराजमान होता. येणारे-जाणारे त्याच्यापुढे आवाज खाली करत. आज संध्याकाळी पाच वाजता चिठ्ठी निघायची होती, आणि झाकणाखाली बशी तेवढी उरली होती.

हॉलची राखण करणारी हेस्टर स्प्रॅग ही विधवा बाई रडून रडून लाल झाली होती.

"काल दुपारी धोक्याचा भोंगा झाला ना, तेव्हा सगळे तळघरात पळाले. मी म्हटलं, कांद्यावर बॉम्ब पडला तर? माझ्या गॅसमास्कच्या खोक्यात विणकाम असतं, ते काखेत मारलं नि कांदा आत घातला. खाली सगळ्यांचे खोके होते तिथेच खुंटीला अडकवला. धोका टळल्यावर तो काढून वर आणला, रात्रभर तसाच ठेवला, आज सकाळी उघडते तर काय, आत गॅसमास्क!"

"गॅसमास्कच्या खोक्यात गॅसमास्क!" ऑगस्टस कडाडले. "बाई, यापेक्षा बरी थाप नाही सुचली? तुम्ही चोर आहात, चोर!"

हॉल दणाणला. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. ग्रामसमितीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की पाचपर्यंत कांदा मिळाला नाही तर हेस्टरला शिपायाच्या हवाली करायचं आणि हॉलमागची खोली रिकामी करून घ्यायची.

"ती खोलीच माझं घर आहे हो," हेस्टर म्युरिएलला म्हणाली. "पोरगा बोटीवर आहे. रजेवर आला तर कुणाचं दार ठोठावेल?"

म्युरिएलने तिच्या हातात आपला रुमाल दिला. आपल्या नवऱ्याच्या हाती हिचं घर आहे, हे म्युरिएलला टोचत होतं.

ऑगस्टसनी खांद्याला खोका अडकवला आणि तपासाला निघाले. "आज कर्तव्याचं ओझं फुलासारखं वाटतंय," ते म्हणाले. पाद्रीबुवांच्या दारात त्यांनी नाक वर केलं. "कांदा! पाद्र्याने सूप केलंय!" मग कर्नलच्या विधवेकडे, मिसेस बॅगशॉंकडे, गेले. तिथेही वास. ही बाई कांदा दाखवून जर्मन पाणबुड्यांना खुणा करते, असं त्यांनी जागच्या जागी सिद्ध केलं.

"समुद्र इथून साठ मैलांवर आहे," म्युरिएल म्हणाली.

"म्हणूनच तर कुणाला संशय येत नाही!"

पुढे पोस्टातल्या बाईच्या अंगाला वास आला. दुधाच्या गाडीच्या घोड्याच्या अंगालाही आला. दुपारपर्यंत सिद्धांत एवढा फुगला, की अख्ख्या गावाने कट करून कांद्याच्या पाकळ्या वाटून घेतल्या आहेत आणि घोडा माफीचा साक्षीदार होण्याच्या बेतात आहे.

"ऑगस्टस, वास मलाही येतो," म्युरिएल म्हणाली. "पण तू जवळ आलास की येतो."

"संगतीचा परिणाम. सकाळपासून गुन्हेगारांतच वावरतोय."

साडेचारला त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं आणि खोके उघडायचा हुकूम सोडला. सगळ्यांचे हात आपापल्या खोक्यावर घट्ट बसले. गॅसमास्क घेतल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, असं ऑगस्टस रोज बजावत. त्यामुळे खोका प्रत्येकाच्या खांद्याला असे. मास्कबद्दल मात्र कुणी खात्री दिली नव्हती. पाद्रीबुवांच्या खोक्यातून शेरीची बाटली निघाली. मिसेस बॅगशॉंच्या खोक्यात दातांची कवळी आणि रेशनच्या हिशेबात न बसणारा लोण्याचा गोळा होता. म्युरिएलच्या खोक्यात केस कुरळे करायच्या पिना होत्या. हेस्टरचा सोडला तर मास्क एकाच्याही खोक्यात नव्हता.

"शरम वाटू द्या! एवढ्या गावात नियम पाळला कुणी? या चोराने!" ऑगस्टसनी हेस्टरच्या खोक्यातला मास्क उंच धरला. "आणि इतका काटेकोर नियम पाळणारी बाई काहीतरी लपवत असणारच."

म्युरिएल त्या मास्ककडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "ऑगस्टस, सगळ्यांनी खोक्यांना एकसारखं काळं कापड शिवा, हा फतवा कुणाचा?"

"माझा. शिस्तीसाठी."

"म्हणजे खुंटीवर कुणाचा कुठला ते ओळखू येत नाही. आणि गावात खराखुरा मास्क घेऊन फिरतो कोण?"

"मी! मी एकटा!" ऑगस्टसनी छाती फुगवली.

"मग हेस्टरकडे निघाला तो मास्क कुणाचा?"

छाती हळूहळू जागेवर आली.

"आता तुझ्या खांद्यावरचा उघड."

"वॉर्डनचा खोका तपासायचा अधिकार फक्त वॉर्डनला असतो."

"मग तपास की!"

ऑगस्टसनी झाकण उचललं. आत कांदा होता, गोल, तांबूस, ठणठणीत. सकाळपासून तो त्यांच्याबरोबर गावभर फिरून आला होता.

"मी त्याला... संरक्षणाखाली ठेवलं होतं," ऑगस्टस म्हणाले. मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि सकाळी माना डोलावणारे सगळेच मोकळे होऊन वाजवू लागले. हेस्टरकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. म्युरिएलचं डोकं फिरलं.

"टाळ्या पुरे!" ती ओरडली. "ऑगस्टस, तिची माफी माग. आत्ताच्या आत्ता."

ऑगस्टस कानापर्यंत तांबडे झाले. हातात मास्क होताच. "आधी हा नीट चालतो का बघतो," असं पुटपुटून त्यांनी तो तोंडावर चढवला आणि आतूनच माफी मागितली. रबर गालांवर फडफडलं आणि बाहेर नुसता फुर्र फुर्र आवाज आला. हॉलमध्ये खसखस पिकली.

हेस्टर त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काही कळलं नाही, मिस्टर ट्रेडगोल्ड."

पुन्हा फुर्र.

"नाही कळलं."

शेवटी मास्क उतरला. केस घामाने चिकटले होते आणि गरुडाची नजर बुटांवर होती.

"मिसेस स्प्रॅग, तुम्ही चोर नाही. चूक माझी आहे. मला माफ करा."

"हां," हेस्टर डोळे पुसत म्हणाली. "आता एकदा मागच्या बाकापर्यंत जाऊ दे. सकाळचं 'चोर' तिथपर्यंत छान ऐकू गेलं होतं."