डुक्करभाऊंचा डोह

एका जंगलात, बाळांनो, एक म्हातारा सांबर राजा होता. राजा म्हणजे काय, तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा.

साळिंदर यायचं, घोरपड यायची. बीळ कुणाचं, यावरून त्यांचं भांडण असायचं. सांबर म्हणायचा, "बसा. आधी पाणी प्या." मग तो साळिंदराचं ऐकायचा. घोरपडीचं ऐकायचा. बिळाशेजारच्या उंदराचंही ऐकायचा. निकाल लागायला पंधरवडा जायचा. तोवर दोघांचा राग ओसरलेला असायचा. पुष्कळदा निकालाची गरजच पडायची नाही.

असं बरं चाललं होतं. मग एका उन्हाळ्यात वणवा लागला.

धूर दिसला तशी सगळी जनावरं सांबराकडे धावली. सांबर म्हणाला, "घाबरू नका. पळायचं कुठे, ते आधी नीट ठरवू. तितरांचं काय म्हणणं आहे?"

तितरांचं म्हणणं, टेकडीकडे पळावं. सशांचं म्हणणं, टेकडीकडे मुळीच पळू नये. सांबर दोघांचं शांतपणे ऐकत होता. तोवर त्याच्या मागच्या झुडपाने पेट घेतला.

तेवढ्यात एक रानडुक्कर पुढे आलं. त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. त्यानेही कुणाला काही विचारलं नाही.

"डोहात!" ते ओरडलं. "उडी मारा!"

जे हलले नाहीत त्यांना त्याने मागून ढुशी दिली. सांबरालाही दिली. आग निघून गेली तेव्हा सगळे गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते. आणि जिवंत होते.

यात डुकराचं काही चुकलं नाही, बाळांनो. त्या दिवशी तेच हवं होतं.

सांबर निथळत बाहेर आला. "आजपासून तूच राजा," तो मनापासून म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. रानडुकराचे डुक्करभाऊ झाले.

वणवा विझला. झाडांना पालवी फुटली. पण डुक्करभाऊंना एकच गोष्ट येत होती, आणि ती त्यांना फार छान येत होती.

साळिंदर आणि घोरपड पुन्हा भांडत आले.

"भाऊ, बीळ माझं आहे," साळिंदर म्हणालं.

"डोहात!" भाऊ म्हणाले.

"कोण? मी की ही?"

"दोघंही. उडी मारा!"

दोघं बुडता बुडता वाचली. बीळ उंदराला मिळालं.

माकडिणीच्या पोराला ताप आला. "डोहात!" कासव सांगायला आलं की डोहाचं पाणी आटत चाललंय. "डोहात!"

"भाऊ, मी तिथूनच आलो," कासव म्हणालं. त्याला ढुशी मिळाली.

शिवाय रोजचा सराव सुरू झाला. भाऊ केव्हाही ओरडायचे. सगळ्यांनी हातातलं टाकून उडी मारायची.

एकदा ससा म्हणाला, "भाऊ, पण आग कुठे आहे?"

भाऊंच्या शेजारी कोल्हा उभा होता. तो अलीकडे भाऊंच्या शेजारीच उभा असायचा. तो म्हणाला, "आग दिसत नाही ना? हेच भाऊंचं यश!"

या जंगलात एक टिटवी होती. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर खडे गोळा करते आणि तिथेच अंडी घालते. जळून काळ्या पडलेल्या माळावर तिने अंडी घातली होती. त्यांच्यावर बसून राहायचं, उन्हात सावली धरायची, एवढंच तिचं काम. पण सराव आला की तिला उठावं लागायचं. अंडी उन्हात भाजत पडायची. वर कावळे घिरट्या घालायचे.

टिटवी भाऊंकडे गेली. "भाऊ, मला सरावातून सोडा. थोडेच दिवस. पिल्लं बाहेर आली की तीसुद्धा उड्या मारतील."

"आज तुला सोडलं तर उद्या मुंग्या सुट्टी मागतील," कोल्हा म्हणाला.

भाऊंनी थोडा विचार केला. "डोहात!" ते म्हणाले.

टिटवी भिजलेल्या पंखांनी सांबराकडे गेली. "काका, तुम्ही परत राजा व्हा. वणवा लागला की भाऊंनी व्हावं. विझला की तुम्ही."

"बरोबर बोलतेस, पोरी," सांबर म्हणाला. "पण हे मी एकट्याने कसं ठरवू? आधी सगळ्यांना विचारतो."

"लवकर विचारा, काका. अंडी थांबत नाहीत."

सांबराने विचारायला वेळ घेतला. पण सभा भरली. भाऊ पलीकडे चिखलात लोळत होते. टिटवीचं म्हणणं सगळ्यांना पटलं. खरंच पटलं. माकडिणीला तर रडू आलं.

"मग भाऊंना सांगणार कोण?" टिटवीने विचारलं.

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले.

"आणि बरं दिसेल का ते?" तितर म्हणालं. "त्यांनी आपले जीव वाचवले. त्यांना म्हणायचं, आता तुमचं काही काम नाही?"

"त्यांना वाईट वाटेल गं," माकडीण डोळे पुसत म्हणाली.

"कालच मला विचारत होते," ससा म्हणाला. "'अरे, कुठेच आग नाही का रे?' तोंड एवढंसं झालं होतं त्यांचं."

मग कोल्हा घसा खाकरून उठला. "मंडळी, नेता बदलला तर नेत्याचा अपमान होतो. परिस्थितीला कसला आलाय मान-अपमान? बदलायचंच असेल तर तिला बदलू."

टाळ्या पडल्या. सांबराने नेमाप्रमाणे एकेकाचं मत घेतलं. टिटवी सोडून सगळ्यांचं मत एक निघालं.

दुसऱ्या दिवशी दूरच्या शेतात पालापाचोळा जळत होता. घारीने तिथली पेटती काडी चोचीत धरून आणली आणि माळापलीकडच्या वाळक्या गवतात टाकली.

धूर वर चढला. भाऊंचे कान ताठ झाले. डोळ्यांत पाणी आलं.

"डोहात!"

काय तो आवाज होता, बाळांनो! सगळ्यांनी उड्या मारल्या. कासव आधीच डोहात होतं. ते बाहेर आलं आणि त्याने पुन्हा उडी मारली.

टिटवीने उडी मारली नाही. ती अंड्यांवर पंख पसरून बसली. धूर आला. ठिणग्या आल्या. पाठीवरची पिसं करपली. आग माळाच्या काठापर्यंत आली आणि थांबली. माळ आधीच जळलेला होता. तिथे पेटायला काही उरलं नव्हतं. टिटवीने चोचीने एकेक अंडं हलवून पाहिलं. एकातून बारीक टकटक ऐकू आली.

इकडे डोहावर जल्लोष झाला. भाऊंच्या गळ्यात पळसाच्या फुलांची माळ पडली. मिरवणूक निघाली. जवळची वाट माळावरून होती.

टिटवी पंख पसरून आडवी आली. जिवाच्या आकांताने ओरडू लागली. "थांबा! भाऊ, बाजूने जा! बाजूने!"

मागून ढोलासारखे खूर वाजत होते. भाऊंना नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणते रे ती?" त्यांनी विचारलं.

"तुमचा जयजयकार करते आहे," कोल्हा म्हणाला.

"सगळ्यांत जोरात तीच ओरडते आहे," भाऊ म्हणाले. त्यांनी टिटवीकडे बघून प्रेमाने मान डोलावली आणि ते सरळ चालत राहिले. त्यांच्या मागून सगळं जंगल चालत गेलं.

तात्पर्य : परिस्थिती पाहून नेता निवडावा, असं शिकलेली माणसं सांगतात. त्यात फार कटकट असते. कुणाला तरी ते तोंडावर सांगावं लागतं. त्यापेक्षा नेता पाहून परिस्थिती आणावी. ज्यांना अंडी घालायची आहेत, त्यांनी मिरवणुकीची वाट आधी विचारून घ्यावी.