बकारामाचा करारनामा

आमगावच्या स्टेशनामागे शालीकरामाच्या घरात बकाराम अकरा वर्षं भाड्यानं राहत होता. दोन खोल्या, मागचं आंगण, आंगणात म्हैस. कागद म्हणून नव्हता. "शालीकरामभाऊचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ," असं तो पानठेल्यावर छाती फुगवून सांगे.

सन बावन्नच्या दिवाळीनंतर शेजारच्या खोलीत केशोराव मास्तर आले. एकटा जीव, एक ट्रंक. पहिल्याच दिवशी त्यांनी शालीकरामाकडे लिखित करारनामा मागितला. भाडेकरूचा तो हक्कच असतो, म्हणाले. अर्जनवीस भैयाजीनं स्टॅम्पाच्या कागदावर तो लिहून दिला. मास्तरांनी काचेत बसवून भिंतीला टांगला. जो येई तो आधी कागद बघे, मग मास्तरांना रामराम करी.

बकारामाला ते बघवेना. अकरा वर्षांचा भाडेकरू तोंडी, आणि कालचा मास्तर काचेत! तो तडक शालीकरामाकडे गेला. शालीकराम लगेच कबूल झाला. फक्त म्हणाला, तुझा वेगळा लिहावा लागेल. वेगळा म्हणजे कमी, हे बकारामानं ताडलं.

"मास्तराले देला तसाच मले पायजे. नाव माझं टाक, बाकी एक अक्षर बदलाचं नाही."

शालीकरामानं दोनदा समजावलं, मग हात टेकले. भैयाजीनं हुबेहूब नक्कल उतरवली. बकारामाला वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. मास्तरांच्या सतरा, आपल्याही सतरा. त्यानं समाधानानं अंगठा उठवला, मास्तरांपेक्षा बोटभर मोठी काच आणली आणि गल्लीला चहाला बोलावलं. वाचायला मुद्दाम मास्तरांनाच बसवलं. जळू दे थोडं!

मास्तर खणखणीत आवाजात वाचू लागले. भाडेकरू बकाराम यांस एक खोली दिली आहे. आंगणावर त्यांचा हक्क नाही. जनावर बांधता येणार नाही. भाडेकरू एकटे राहतील.

चहा ओतणाऱ्या बकारामाच्या बायकोनं, रुख्मानं, किटली खाली ठेवली. "मंग म्हैस न् मी, दोघीनं कोठं जावं?"

गल्ली पोट धरून हसली. दुसऱ्या सकाळी बकाराम मान खाली घालून शालीकरामाकडे गेला. त्या भल्या माणसानं नवा करारनामा करून दिला, यावेळी सगळं खुलासेवार: दोन्ही खोल्या, बायको, आंगण, म्हशीचा खुंटा, म्हशीचा चारा, म्हशीला पुढे होणारी रेडकं. मास्तरांनी घरी येऊन तो सावकाश वाचून दाखवला. रुख्मानं सुटकेचा श्वास टाकला. बकाराम मात्र बोटांवर काहीतरी मोजत बसला.

"आता काऊन तोंड पाडून बसला?" तिनं विचारलं.

"म्हशीचं नाव तीनदा आलं," बकाराम कागदाकडे बघत म्हणाला, "माझं एकदाच."