बारावं नाणं

आमच्या घरात एक नियम कुठेही लिहिलेला नाही, पण सगळ्यांत पक्का आहे: आत्याला ‘का’ म्हणून विचारायचं नाही. ती बाबांची थोरली बहीण. तिने त्यांना लहानाचं मोठं केलं, म्हणून ती जे करते ते भल्यासाठीच, आणि भल्याची चौकशी करायची नसते. (मी दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा आई रडली.)

तरी परवाच्या प्रकाराची सुरुवात माझ्यापासूनच आहे. मी नाण्यांचा ट्रे जेवणाच्या टेबलावर ठेवला.

ही नाणी रोमन साम्राज्यातली, पण रोमची नव्हेत. दूरदूरच्या लहान शहरांना स्वतःची तांब्याची नाणी पाडायची मुभा होती. एका बाजूला सम्राटाचं तोंड, दुसऱ्या बाजूला आपलं देऊळ, आपली नदी, आपल्या शहराचं नाव. मोठ्यांना दर्शनी बसवून पाठीमागे आपल्याला हवं तेच करायचं. मला ती शहरं एकदम जवळची वाटली.

जवळचं वाटायला दुसरं कुणी नव्हतंही. कॉलेजातल्या मैत्रिणी नोकऱ्यांच्या मागे पांगल्या, आता फक्त वाढदिवसाला बोलणं होतं. म्हणून पहिल्या पगारात मी न साफ केलेल्या नाण्यांची एक पिशवी मागवली. उघडताना ती हातातून सुटली आणि नाणी फरशीभर पसरली. विक्रेत्याच्या चिठ्ठीत अकरा लिहिली होती. बाबांच्या कपाटाखाली हात घालून मी बारा गोळा केली. (माणूस उदार असावा, असा मी निष्कर्ष काढला. इतिहासात मला पहिला वर्ग आहे.)

बारावं सगळ्यांत सुंदर. हिरव्या थराखाली पंख पसरलेला गरुड, शहराचं नाव मात्र कुठेच नाही. पाठीमागे एक तुटका उंचवटा होता, ती मी अज्ञात टाकसाळीची खूण ठरवली. त्यावर चौदा पानी टिपण लिहिलं. वाचायला कुणी नव्हतं, म्हणून मीच दोनदा वाचलं.

ट्रे टेबलावर ठेवला तो उजेडासाठी, असं मी सांगितलं. खरं म्हणजे कुणीतरी विचारावं, हे काय गं? पहिल्या दिवशी आईने तो सरकवून गरम पातेलं ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्यावर वर्तमानपत्र पसरलं. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले, तर आत्या ट्रेवर वाकून एकेक नाणं निरखत होती. मला भरून आलं. मग तिच्या हातातला टूथब्रश दिसला.

बाबांच्या जुन्या ऑफिसचा मेळावा होता, त्यासाठी ती सकाळपासून काहीबाही घासत होती. त्याच ओघात हात इकडे वळला. अकरा नाणी नव्या नळासारखी चमकत होती. सम्राटांची नाकं गेली, देवळांचे खांब गेले. अठराशे वर्षांचा थर बेसिनमधून वाहून गेला होता.

“मळकी खपवली तुला,” आत्या म्हणाली. “बघ आता.”

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. मळ आणि इतिहास यांतला फरक मी इतक्या जोरात समजावून सांगितला, की आईने उठून खिडकी लावली आणि बाबा आतून बाहेर आले.

तेवढ्यात लक्षात आलं, बारावं कुठाय? ते आत्याच्या शिवणाच्या डब्यात सापडलं, दोऱ्याच्या रिळाशेजारी, हिरवंच्या हिरवं. मी झडप घातली.

“अगं, ते मी मुद्दाम बाजूला...”

“याला तू हात लावायचा नाहीस.”

बाबा म्हणाले, आधी आत्याची माफी माग, आणि ते तिला परत दे. तिने काही विचार करूनच ठेवलं असेल.

“का?” मी म्हणाले. “का द्यायचं? या घरात माझं म्हणून एवढंच उरलंय. देणार नाही. आणि माफीही मागणार नाही.”

आत्याने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे, आणि मग तिघांनी माझ्या मागे. जिंकले, असं वाटून मी रुबाबात वळले.

खुंटीवर बाबांचा नोकरीतला गणवेशाचा कोट टांगला होता, मेळाव्यासाठी इस्त्री केलेला. त्यावर ओळीने पाच पितळी बटणं, घासून लखलखीत, प्रत्येकावर पंख पसरलेला गरुड. सहाव्याच्या जागी नुसता दोरा लोंबत होता.

आत्याने सुईत दोरा ओवला. देणार नाही असं म्हणून बसले होते, म्हणून मी मूठ उघडली नाही.