लटारूभाऊंचे दोन खिसे

लटारूभाऊंच्या बंडीला छातीवर दोन खिसे होते आणि ते त्यांनी शिंप्याच्या उरावर बसून शिवून घेतले होते. डाव्या खिशात विटांचा गेम, उजव्या खिशात मोबाईल. याची वस्तू त्यात कधी जायची नाही. एकदा शिंप्याने कापड वाचवण्यासाठी मध्ये एकच मोठा खिसा लावला, तर भाऊ बंडी घेऊन तसेच परत त्याच्याकडे गेले.

"एका खोलीत दोन सवती ठेवशीन का तू?"

शिंप्याची एकच बायको, तीही रुसून माहेरी गेलेली. तो बिचारा काय बोलणार? त्याने मुकाट्याने खिसा उसवला.

विटांचा गेम म्हणजे तोच, करड्या पडद्याचा. वरून विटा पडतात, त्या बटणं दाबून फिरवायच्या आणि खाली ओळ जुळवायची. त्या काळी प्रत्येक जत्रेत मिळायचा. भाऊंनी तो मार्कंड्याच्या जत्रेत वनिताच्या हट्टापायी घेतला होता. वनिता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ती थोडा वेळ खेळली आणि तिला झोप लागली. गेम पडू नये म्हणून भाऊंनी हातात घेतला, तो घेतलाच. सकाळी वनिता उठून रडायला लागली तेव्हा बाप म्हणाला, "थांब न बाई, एवढी भिंत होऊ दे."

आमचं गाव तलावाच्या आधाराने जगणारं. मच्छीमार सोसायटीने तलावात मासोळीचं बीज सोडलं की ते पाणकावळ्यांपासून राखायचं काम भाऊंकडे. ते पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून विटा रचायचे आणि पाणकावळे पोटभर जेवायचे. गेमच्या टिंग टिंग आवाजाने पाखरं पळतात, असं त्यांनी सोसायटीच्या सभेत सांगितलं होतं. मला विचाराल तर पाणकावळ्यांना ती पंगतीची घंटाच वाटत असावी.

पाळीच्या पायथ्याशी माझं किराणा दुकान. येणारा-जाणारा दुकानातून ओरडायचा, "काय करून राह्यले भाऊ?"

"भिंत बांधून राह्यलो."

"झाली का?"

"ठेकेदाराची आहे बापा. ओळ पुरी झाली का गायब!"

वनिताची आई लवकर गेली. बाप-लेक दोघंच राहायचे. पुढे वनिताचं लग्न सिरोंच्याला झालं. सिरोंचा म्हणजे जिल्ह्याचं पार खालचं टोक. घरात तेलुगू, बाजारात तेलुगू. भाऊंनी त्या भाषेतला एकच शब्द शिकून घेतला, बागुंदी. म्हणजे छान आहे, बरी आहे. मग तो शब्द त्यांनी इतका वापरला की ऐकणाऱ्याचे कान किटावे. चहाला बागुंदी, रश्श्याला बागुंदी, माझ्या दुकानातल्या जुन्या गुळालासुद्धा बागुंदी. रोज दिवेलागणीला तर ते पाळीवर एकटेच बसलेले असताना मोठ्याने म्हणायचे, "बागुंदी!" मला वाटायचं, स्वतःच्याच भिंतीचं कौतुक चाललंय.

जावयाने आपला जुना मोबाईल सासऱ्याला दिला तेव्हा गावात मोबाईल मोजकेच होते आणि रेंज फक्त तलावाच्या पाळीवर होती. त्यातला एक मोबाईल माझा. त्यातल्या सापाच्या गेमने मी पुरता नादावलो होतो. साप टिपके खात लांब होत जातो आणि स्वतःच्याच शेपटीला तोंड लागलं की मरतो. भाऊंनाही मीच तो शिकवला. पहिले काही दिवस ते खूश होते. "सेठ, साप लय गुणाचा आहे. पोट भरलं तरी भूक भूक करते. आपल्या सरपंचासारखा."

आणि एकाएकी त्यांचं मत फिरलं.

झालं असं की, ऐन हिवाळ्यात एका संध्याकाळी वनिता नवऱ्यासोबत अचानक गावात उतरली. ना निरोप, ना सण. दिवस गेलेले, पोट चांगलं दिसत होतं आणि सिरोंच्याहून आमच्या गावापर्यंतचा रस्ता म्हणजे धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी व्हावीत. जावई तिला सोडून परत गेला, ती काही दिवस राहिली. भाऊंच्या घरातून मासोळीच्या रश्श्याचा वास यायला लागला, अंगणात सडा पडला आणि पाळीवर पाणकावळे राखायला कोणीच दिसेना. मग जावई येऊन तिला घेऊन गेला. दुसऱ्याच दिवशी भाऊ शिंप्याकडे दोन खिसे शिवायला टाकून आले.

तेव्हापासून त्यांचं नवं तत्त्वज्ञान सुरू झालं: "ज्याचं काम त्यानंच करावं." फोनचं काम वाजायचं, गेमचं काम खेळायचं. मोबाईलमध्ये टॉर्च होता, पण भाऊ तीन सेलची बॅटरी खांद्याला अडकवून फिरत. मोबाईलमध्ये घड्याळ होतं, पण वेळ विचारायला पाळ उतरून माझ्या दुकानात येत.

"भाऊ, तुमच्या खिशात आहे ना वेळ?"

"तो फोन आहे सेठ. घड्याळाचं काम घड्याळानं करावं."

"मग घड्याळ घ्या एखादं."

"तुमचं आहे न!"

छत्री टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी भर रस्त्यात काठीचं महत्त्व समजावून सांगितलं. गावचा न्हावी दाढी करता करता पोटदुखीचं औषध द्यायचा, त्याच्याकडे जाणं बंद केलं आणि महिनाभर जंगल वाढवून फिरले. मी मोबाईलवर साप खेळताना दिसलो की तोंड फिरवून घ्यायचे, जसा काही मी पोथीच्या पाटावर पत्ते पिसत होतो.

माझाही स्वभाव काही गरीब नाही. एका बाजाराच्या दिवशी मी त्यांना चार लोकांत आव्हान दिलं. त्यांचा गेम आणि माझा मोबाईल, पाळीवर बसायचं, ज्याचा डाव आधी संपेल तो हरला. भाऊ हरले तर मोबाईलवर साप खेळतील. मी हरलो तर दुकानात बसून सापाचं नाव काढणार नाही. भाऊ नाही म्हणत होते, पण बाजारातली माणसं अशी मजा सोडतात होय? त्यांनी आम्हा दोघांना जवळजवळ उचलूनच पाळीवर नेलं.

सूर्य तलावात उतरला होता. एका बाजूला मी, माझ्या खांद्यावरून वाकलेली पाच-सहा मुंडकी. दुसरीकडे भाऊ, शांत. त्यांचे अंगठे असे चालत होते की जणू जाळ्याच्या गाठी मारतायत. माझा साप एवढा लांबला होता की वळायला जागा उरली नव्हती. मी हरणार हे मला कळून चुकलं होतं.

तेवढ्यात भाऊंच्या उजव्या खिशात फोन वाजला.

भाऊंनी मान वर केली नाही. फक्त बोटं गेमवर घट्ट आवळली. फोन वाजत राहिला.

"उचला न भाऊ!"

"वाजू द्या."

"पोरीचा असन! तुमचे हात गुंतले तं मी उचलतो," असं म्हणत आमचा नेहमीच परोपकारी शिंपी त्यांच्या खिशात हात घालायला गेला.

"हात लावू नको!"

लटारूभाऊ ओरडू शकतात हे गावाला त्या दिवशी कळलं. ते दोन्ही हातांनी खिसा झाकून उठले आणि गेम मांडीवरून निसटला, पाळीच्या दगडांवर आपटत आपटत खाली गेला. फोन वाजायचा थांबला. भाऊ तसेच खिसा धरून उभे होते. मग हळूच म्हणाले, "बागुंदी."

कुणीतरी गेम वर आणून दिला, त्याचा पडदा फुटला होता. माणसं थोडा वेळ हळहळली, थोडी हसली आणि बाजाराच्या पिशव्या उचलून निघून गेली. मी जिंकलो होतो, पण त्या जिंकण्याची मला लाज वाटायला लागली. मी भाऊंजवळ बसलो.

"भाऊ, एवढं काय होतं त्या फोनमध्ये? उचलला असता तर काय झालं असतं?"

भाऊ फुटक्या गेमची बटणं दाबत राहिले. मग सांगायला लागले.

"सेठ, वनिताचा मिस कॉल रोज येते. दिवा लावाच्या वेळेला. पुरा वाजू द्याचा. पुरा वाजला म्हणजे तिकडं ती बरी, इकडं मी बरा. बोलत नाई आमी. बोललो का ती रडते, मंग मी बी रडतो. कायले तो तमाशा?"

"आणि उचलला तर?"

"उचलाचा नाई. पण मी फोन कट केला, तं त्याचा अर्थ, ये. बाप आजारी आहे, लवकर ये."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला.

"त्या हिवाळ्यात मी साप खेळून राह्यलो होतो. तुमीच शिकवला. तेवढ्यात रिंग आली अन् अंगठा बटनावरच होता. कट झाला. मले वाटलं, काही नाई होत. दुसऱ्या दिवशी पोरगी पोट धरून दारात. मले पाह्यलं, मी अंगणात बसून मासोळी साफ करून राह्यलो होतो. पह्यले रडली, मंग लय बोलली, मंग हासली. अन् राह्यली."

भाऊ हसले. मग तलावाकडे बघत म्हणाले, "तवापासून तो साप सोडला. तिले वाटलं, बापानं कानाले खडा लावला. पण खरं सांगू का सेठ? ते दिवस लय चांगले गेले. घरात कोणी बोलून राह्यलं होतं. आता रोज रिंग वाजली का अंगठा म्हणते, दाब. एकडाव दाब. पोरगी येईन. तिच्या कडेवर आता लेकरू आहे, बरसातीत नाल्याले पूर राह्यते, अन् माझा अंगठा म्हणते दाब. म्हणून हे विटा. दोन्ही हात गुंतले का मंग रिंग पुरी वाजते."

हा माणूस रोज संध्याकाळी पाळीवर पाणकावळे राखत नव्हता, स्वतःचा अंगठा राखत होता. आणि आम्ही त्याची राखण फोडून टाकली होती. तसला गेम आता थेट पुढच्या जत्रेतच मिळणार होता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधीच मी दुकान बायकोवर सोपवलं आणि पाळ चढलो. भाऊ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. मी माझा मोबाईल काढला, साप लावला आणि त्यांच्यापुढे धरला.

"हरलात तुम्ही काल. साप खेळायचं ठरलं होतं."

"ज्याचं काम त्यानंच..."

"हा आजपासून फोन नाहीच. जत्रा येईपर्यंत रोज या वेळेला हा गेम."

"अन् याच्यावर कोणाचा फोन आला तं?"

"खुशाल कट करा."

त्यांनी मोबाईल हातात घेतला, उलटापालटा केला आणि खेळायला लागले. थोड्या वेळाने तो खरंच वाजला. खालून दुकानातल्या तारेच्या फोनवरून माझी बायको विचारत असणार की तूरडाळीचं पोतं कुठे ठेवलंय. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. त्यांनी अंगठा असा दाबला की कितीतरी महिन्यांची खाज मिटावी. आमच्या घरी फोन कट करण्याचा अर्थ फार वेगळा निघतो, तो मला पुढे जेवताना कळला.

मग त्यांच्या उजव्या खिशात वाजलं. भाऊंचे अंगठे सापावर भरभर चालायला लागले. साप भलतीकडेच धावत होता, त्यांचे डोळे पडद्यावर होते आणि कान खिशाकडे. साप स्वतःच्या शेपटीला चावला, डाव संपला, तरी ते बटणं दाबतच राहिले. खिशातली रिंग पुरी वाजली आणि थांबली.

भाऊंनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि डोळे पुसले.

"बागुंदी," ते म्हणाले.

"बागुंदी," मीही म्हणालो.