कवितांचे तपासनीस

गायकवाडसाहेबांनी आयुष्यात एकही कविता केली नाही. पुण्यात राहून, संगणकावर मराठी टंकता येत असून, घरी इंटरनेट असून एखादा माणूस कविता करत नाही, म्हणजे त्याच्यात काहीतरी खोट असणार, असं आमचं तेव्हा प्रामाणिक मत होतं.

'तेव्हा' म्हणजे घरोघरी ब्रॉडबँड नुकतं आलं होतं तेव्हा. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. म्हणजे ते पडलं की उभं करायचो आणि ते उभं असलं की कविता करायचो. राहायला कर्वेनगर. आमचं एक कवितांचं संकेतस्थळ होतं. त्याचं नाव सांगत नाही, सांगण्यासारखं नव्हतं. चालवणारा कॅलिफोर्नियात, लिहिणारे निम्मे पुण्यात आणि उरलेले पुणं सोडून गेल्याच्या दुःखात.

तिथे प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागे. माझं 'सांजवारा'. हसू नका. आमच्यात एक 'एकाकी पिंपळ' होता, तो एकत्र कुटुंबात राहायचा. 'ओली पायवाट' हे कोथरूडचे दंतवैद्य होते. कारभार सोपा होता. पिंपळाने कविता टाकली की मी खाली 'वा! क्या बात!' लिहायचं आणि मी टाकली की पिंपळाने 'निःशब्द!' लिहायचं. काही जण तर आपण निःशब्द झाल्याचं सहा-सहा ओळींत कळवत. सगळे सुखात होतो.

आणि एक दिवस माझ्या एका कवितेखाली 'तपासनीस' नावाच्या सदस्याचा प्रतिसाद उमटला.

'सांजवारा यांस. ओळ २ : एक मात्रा जास्त. ओळ ५ : वारा अबोल आहे आणि ओळ ६ मध्ये तोच गातो आहे. एकदा काय ते ठरवावे. ओळ ८ : चंद्र. चालू महिन्यात येथे आलेला हा चौदावा चंद्र. वस्तू बरी आहे, पण पास होत नाही. परत पाठवत आहे.'

मी चिडून चंद्र मोजले. चौदाच होते. त्यातले पाच माझे.

मग या गृहस्थांनी कोणालाच सोडलं नाही. रोज सकाळी आठच्या आत कालच्या सगळ्या कवितांखाली शेरे पडलेले असत. पिंपळाने कळवळून लिहिलं, "कविता ही हृदयातून येते हो!" त्यावर उत्तर आलं, "येऊ द्या. तपासणी बाहेर आल्यावरच होते." ओल्या पायवाटेने विरहावर बारा कडवी लिहिली. तिला शेरा मिळाला : 'पहिल्या कडव्यात ती गेली. उरलेल्या अकरा कडव्यांत ती गेलेलीच आहे. एक कडवे पुरे.'

शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, या माणसाला प्रत्यक्ष बोलवायचं आणि समोरासमोर विचारायचं. कवींचं समोरासमोर म्हणजे काय, तर रविवारी सकाळी माझ्या सोसायटीच्या गच्चीवर बटाटेवडे.

बरोबर दहाला एक जुनी स्कूटर खाली येऊन थांबली. पांढरा शर्ट पँटीत खोचलेला, खिशाला दोन पेनं, हातात पोलादी फूटपट्टी. ही फूटपट्टी ते ओळीखाली धरून वाचायचे. वय पन्नाशीच्या पुढे.

"गायकवाड," ते म्हणाले. "खडकी. दारूगोळ्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहे."

पिंपळाने तयार करून आणलेलं भाषण खिशातच ठेवलं.

धीर करून मीच विचारलं, "साहेब, कारखान्यात ठीक आहे. तिथे चूक पास झाली तर..."

"तर जवानाचा हात जातो."

"हो ना. पण कवितेत चूक राहिली तर कोणाचा हात जातो?"

"कोणाचाच नाही. म्हणून तर कोणी तपासत नाही," ते म्हणाले आणि वडा उचलला. वडा चारी बाजूंनी पाहिला, खाल्ला आणि सांगितलं, "पास." त्यांच्या तोंडून तो शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला. तो माझ्या बायकोने केलेल्या वड्याला मिळाला याचं काही कवींना बरेच दिवस वाईट वाटत होतं.

का कोण जाणे, माझं त्यांच्याशी जमलं. ते मला कधीही नावाने हाक मारत नसत. ऑफिसात फोन यायचा, "अहो सांजवारा, मोकळे आहात का?" त्यांच्या घरी गेलो की त्यांची बायको दार उघडून आत सांगायची, "अहो, सांजवारा आलेत." सुमनताई इस्पितळात परिचारिका होत्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "यांनी आमच्या लग्नाच्या पत्रिकेत तीन चुका काढल्या. मी म्हटलं, नवरीचं नाव तरी बरोबर आहे ना? तर म्हणतात कसे, ते पास आहे."

पुढे जे सगळ्यांचं झालं तेच आमच्या संकेतस्थळाचं झालं. हातात मोबाइल आले, मोबाइलवर ग्रुप आले. तिथे 'निःशब्द' लिहिण्याचेही कष्ट नाहीत, टाळ्यांचं चित्र दाबलं की झालं. पिंपळ गेला, पायवाट गेली. मी टीम लीड झालो आणि कविता थांबली. यात साहित्याचं नुकसान झालं असं कोणी म्हणालं नाही. गायकवाडसाहेब निवृत्त झाले आणि आमचं बोलणं नव्या वर्षाच्या शुभेच्छांपुरतं उरलं.

अशी काही वर्षं गेल्यावर एका कंटाळवाण्या दुपारी, मीटिंग चालू असताना, मी ते संकेतस्थळ उघडून पाहिलं. चालू होतं! कॅलिफोर्नियावाला बंद करायला विसरला असावा. मी हळूच माझी जुनी कविता उघडली, तीच चौदाव्या चंद्राची. तिच्याखाली एक नवा प्रतिसाद होता. मागच्याच आठवड्यातला.

'सांजवारा यांस. फेरतपासणी. ओळ २ मध्ये मात्रा जास्त नाही. मोजण्यात माझी चूक झाली होती. दिलगीर आहे. चंद्राबाबत मत कायम.'

मी इतर कविता उघडल्या. पिंपळ, पायवाट, कोण कोण. सगळ्यांच्या खाली फेरतपासणी. ओसाड पडलेल्या त्या जागी हा माणूस एकटा, रोज सकाळी आठच्या आत, जुने शेरे पुन्हा तपासत बसला होता. वाचायला कोणीही नव्हतं.

मी त्या शनिवारी त्यांच्याकडे गेलो.

"कारखान्यात परत पाठवलेला माल दुरुस्त होऊन पुन्हा समोर यायचा," ते म्हणाले. "इथे मी परत पाठवलं ते परत आलंच नाही. मग म्हटलं, आपलं तरी बरोबर होतं का ते बघावं. बरेचसे शेरे ठीक निघाले. तुमच्या चुका भरपूर होत्या, सांजवारा. पण ही बघा."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. 'वाघोलीकर' नावाच्या कोणा बाईंनी एकच कविता टाकली होती. दोनच ओळी.

'जितं हीर हुती तितं आता लिफ्ट हाय
तीबी खाली जाती, पर पानी न्हाय'

खाली तपासनीस : 'दोन ओळींत शुद्धलेखनाच्या दहा चुका. वृत्त नाही. परत पाठवत आहे.' त्याच्या खाली आणखी एक प्रतिसाद होता, पण तो वाचायच्या आत गायकवाडसाहेब उठून खिडकीशी गेले.

"त्यानंतर त्या बाईंनी एक अक्षर लिहिलेलं नाही," ते पाठमोरे म्हणाले. "मी थांबवलं त्यांना. तीस वर्षांत चांगला तुकडा मोडीत टाकला असं एकदाही झालं नव्हतं हो. चला माझ्याबरोबर. माफी मागायची आहे. एकटा गेलो तर दारातूनच घालवतील."

बाईंनी आपल्या माहितीत 'मंगल झेरॉक्स, वाघोली' एवढं लिहिलं होतं. त्यावर आम्ही स्कूटरवरून नगर रस्त्याने निघालो. दुकान दोनदा विचारून सापडलं. आठ मजली इमारतीच्या तळाशी, कॉलेजच्या पोरांनी भरलेलं. मशीनपाशी पंचेचाळिशीच्या एक बाई नोट्सचे कागद उलटत उभ्या होत्या.

गायकवाडसाहेब पुढे झाले. "नमस्कार. मी तपासनीस."

"कशाचे?" बाई मान वर न करता म्हणाल्या. "लायसन भितीला लावलंय, बघा."

"तसा नाही. कवितांचा."

आता बाईंनी मान वर केली. साहेबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि पोरांच्या गर्दीत उभं राहून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "आपल्या कवितेत मी दहा चुका काढल्या होत्या. फेरतपासणीत असं आढळलं की त्या चुका नसून ती आपली बोली आहे. चूक माझी आहे. माझ्यामुळे आपण लिहायचं थांबवलंत, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो."

बाईंनी पदराने हात पुसले.

"आवो दादा, बसा आधी. तुमच्यामुळं न्हाय थांबले मी." त्यांनी दोन स्टुलं पुढे ओढली. "उलट मला बरं वाटलं हुतं. म्हनलं, धा चुका काढायच्या तर मानसानं धा बार तरी वाचली आसल."

"मग?"

"त्याच्या खाली एकानं लिव्हलं हुतं. 'वा! क्या बात! गावाकडची आठवण आली.'" बाईंचा आवाज बदलला. "ही बिल्डिंग हाय न्हवं, हितंच आमची हीर. बुजवली त्या दिशी सासरे जेवले न्हाईत. आन ह्याला आठवन आली! मी म्हनलं, ह्यास्नी काय सांगायचं? ह्यांचं आयकून झालंय. तवापास्नं वहीत लिव्हते, तितं न्हाय."

माझं गाव सदाशिव पेठ आहे. माझ्या सात पिढ्यांत कोणाची विहीर नव्हती. पण 'क्या बात' असं लिहून खाली गावाची आठवण काढणारा आमच्या त्या संकेतस्थळावर एकच इसम होता, हे मला माहीत होतं आणि गायकवाडसाहेबांनाही माहीत होतं.

"कोन हुता वो त्यो? तुमाला ठाव आसल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचे स्पायरल बाइंडिंगचे दर फार लक्षपूर्वक वाचत होतो.

"नाही," ते म्हणाले. "टोपणनावं असतात हो सगळ्यांची. कळत नाही."

मी तेव्हा 'तो मीच' म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. ज्याच्या कवितांखाली 'निःशब्द!' पडायचं तो सांजवारा त्या दिवशी खरोखरीच निःशब्द झाला होता.

"वही आहे का इथे?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी गल्ल्याच्या खालून एक लांबोडकी वही काढली, जराशा लाजल्या आणि पोरांकडे बघून म्हणाल्या, "थांबा रे पाच मिनटं." मग उभ्या उभ्याच वाचू लागल्या. एक कविता सुनेच्या पहिल्या पगाराची, एक रस्त्यात गेलेल्या चिंचेची. मी साहेबांकडे बघत होतो. फूटपट्टी पिशवीतच होती. डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताची बोटं मशीनच्या झाकणावर हळूहळू ठेका धरत होती. बाई थबकल्या की बोटंही थांबत आणि त्या पुढे गेल्या की त्यांना बरोबर घेऊन निघत.

वाचून झालं. बाईंनी विचारलं नाही, पण त्या वाट पाहत होत्या.

"अजून आहेत?" साहेब म्हणाले.

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. पोरं निघून गेली.

येताना खराडीजवळ चहाला थांबलो. मी विचारलं, "साहेब, तो ठेका कसला?"

"ढोलकीचा," ते म्हणाले. "वडील जयंतीला गायचे. गाण्याची पार्टी होती त्यांची. गाणी स्वतः बांधायचे. शाळेत गेले नव्हते, त्यामुळे कुठे अक्षर जास्त, कुठे कमी. मी ढोलकीला. ते अडखळणार हे मला आधी कळायचं. मी ठोका जरा लांबवायचो, नाहीतर एक गाळायचो. ऐकणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. वडिलांनाही नाही."

"मग सोडलंत का?"

"वडील गेले. पार्टी मोडली. ढोलकी भावाकडे गेली." त्यांनी कप खाली ठेवला. "कान तेवढा राहिला. नुसत्या कानाने काय होतं, सांजवारा? चुकाच ऐकू येतात."

माझ्या मनावरचं त्या 'क्या बात'चं ओझं अजून उतरलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बाईंच्या कविता कशा होत्या मग? सगळ्या पास?"

"छे. चिंचेच्या कवितेत शेवटच्या ओळीला दोन मात्रा कमी आहेत."

"अहो, मग सांगितलं नाहीत?"

ते स्कूटरकडे वळले, हेल्मेट घातलं, पट्टा लावला. मला वाटलं, प्रश्न ऐकू गेला नाही.

"सांभाळून घेतली," ते म्हणाले आणि किक मारली.