चिरंजीवांच्या शाखेची चौकशी

तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या घरात डोकं चालतं ते एकट्या माझंच! गेली बावीस वर्षं मी पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. हजार पंख्यांतला एक जरी कुरकुरला तरी तो मी झोपेतसुद्धा बाजूला काढीन. अशा माणसाला मुलासाठी कॉलेजची शाखा निवडणं म्हणजे डाव्या हाताचा मळ!

चिरंजीवांना वनस्पतीशास्त्र हवं होतं. मला त्यांच्यासाठी कॉम्प्युटर हवा होता. महिनाभर घरात एवढंच चालू होतं.

“झाडांकडे बघत बसायचा पगार कोण देणार तुला?”

“बाबा, तुम्ही पंख्यांकडे बघत बसता. तुम्हाला देतातच ना?”

असल्या पोराशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी सरळ आकड्यांवर आलो. “चार-पाच वर्षं नोकरी केलेली तरुण मंडळी शोधतो. प्रत्येकाला शिक्षण आणि पगार विचारतो, तक्ता करतो. ज्या शाखेचा पगार पहिला, ती शाखा घ्यायची. कबूल?”

“कबूल. पण लेखी द्या.”

दिलं! दोघांनी सह्या ठोकल्या, साक्षीदार म्हणून बायकोची सही घेतली. पोरानं फॉर्म आधीच वनस्पतीशास्त्रासाठी भरून ठेवला होता, पण शाखा बदलायला रविवार संध्याकाळी सहापर्यंत मुदत होती. आठ दिवस म्हणजे मला चिक्कार झाले.

चौकशीचं माझं एक तंत्र आहे. मुलासाठी विचारतोय म्हटलं की लोक सल्ले देतात, आकडे देत नाहीत. म्हणून मी फोनवर इतकंच म्हणायचो, “घरातला एक महत्त्वाचा निर्णय आहे, जरा माहिती हवी होती.” मग वय, शिक्षण, पगार. नोकरी कायमची का? घर स्वतःचं की भाड्याचं? चष्मा आहे का? (कोणत्या कामानं डोळे जातात ते कळायला नको?) आणि आईवडील जवळ राहतात का? हा प्रश्न बायकोचा. पोरगा शिकून लांब जाईल या धास्तीनं ती अर्धी झाली होती.

आणि काय सांगू, लोक किती आनंदानं बोलले! एकाच्या आईनं तर त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि आपल्या लेकाला साधी सर्दीसुद्धा होत नाही, हे मला दोनदा सांगितलं. माणसं इतकी मोकळी असतात हे मला माहीतच नव्हतं.

शुक्रवारी तक्ता पुरा झाला आणि मी तो तीनदा वाचला. कॉम्प्युटरवाला पंचाण्णव हजार. वाणिज्य शाखेचा हिशेबनीस ऐंशी हजार. आणि वनस्पतीशास्त्रवाला एक लाख ऐंशी हजार!

चिरंजीवांनी फक्त सह्यांचा कागद फ्रिजवर चिकटवला.

त्या आकड्यात खोट आहे हे मला वासावरूनच कळलं. पण सिद्ध कसं करायचं? मी तिघांनाही पुन्हा फोन लावले. “रविवारी चार वाजता घरी या. समक्ष बोलू, घरच्यांशीही भेट होईल.” तिघांना समोरासमोर बसवून उलटतपासणी घेतली की झाडवाला पाच मिनिटांत उघडा पडणार!

रविवारी चारच्या ठोक्याला बेल वाजली. दारात कॉम्प्युटरवाला, त्याच्यामागे आई, वडील आणि एक मावशी. लांबून आलेत, सोबत असेल, असं मला वाटलं. मग हिशेबनीस आला, तोही आईवडिलांसकट. शेवटी झाडवाला आईला घेऊन, हातात एक कुंडी. तिघांचे बूट असे चकाकत होते की त्यांत बघून भांग पाडावा! खुर्च्या संपल्या, तेव्हा हिशेबनिसाला शिलाई मशीनच्या स्टुलावर बसवला.

“एकाच वेळी तिघांना बोलावलंत?” कॉम्प्युटरवाल्याच्या आईचा आवाज चिरकला.

“हो! तुलना करायला सोपं जातं,” मी म्हणालो. “जो पहिला येईल तो घ्यायचा, बाकीचे बाद. आमच्या कारखान्यात हीच पद्धत आहे.”

तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मावशीनं तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि बहिणीच्या कानात कुजबुजली. मावशीची कुजबुज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली असणार!

“मुलगी जरा थोराड वाटते गं!”

ट्रे डगमगला. “कोण मुलगी?” बायकोनं विचारलं.

“अहो, जिच्यासाठी स्थळं बघताय ती,” हिशेबनिसाचे वडील म्हणाले. “बोलवा की तिला.”

“मला मुलगी नाही,” मी म्हणालो.

“बाहेर गेलीय का?”

“बाहेर कुठली, झालीच नाही! एक मुलगा आहे, अठरा वर्षांचा!”

मग जे काही झालं! कॉम्प्युटरवाल्याची आई “फसवणूक!” म्हणून उभी राहिली. मावशी “तरी मी म्हणतच होते” म्हणाली. हिशेबनिसाच्या कोटाचं टोक स्टुलात अडकलं होतं, तो स्टूल घेऊनच उठला. बायको तर ट्रे खाली ठेवून भिंतीला धरून हसत होती. म्हणजे माझी बाजू घ्यायला घरात कोणी उरलं नाही. मी तक्ता फडकावत ओरडलो, “अहो, मी फक्त पगार विचारत होतो! मुलाला कोणती शाखा घेऊ द्यायची, ते ठरवायला!”

“म्हणजे खरा पगार?” कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं.

“मग काय खोटा विचारीन?”

त्यानं मान खाली घातली. “पंचावन्न. वरचे चाळीस आईनं घातले.”

“माझा खरा अडतीस,” हिशेबनीस स्टुलासकट म्हणाला.

माझी छाती फुगली. शेवटी तपासनीस तो तपासनीसच! मी झाडवाल्याकडे वळलो. “आणि तुमचे एक लाख ऐंशी हजार?”

“ते खरे आहेत,” तो शांतपणे म्हणाला. “वर्षाला.”

“वर्षाला?”

“तुम्ही ‘किती’ एवढंच विचारलंत.”

बावीस वर्षांचा अनुभव, आणि महिन्याला की वर्षाला हेच विचारायचं राहिलं! पण लाजायला वेळ कुठे होता? महिन्याला पंधरा हजार! वनस्पतीशास्त्र साफ तळाला! हाता-पाया पडून दोन कुटुंबं जिन्यापर्यंत पोचवली, स्टूल परत मिळवलं आणि घड्याळ पाहिलं. पावणेसहा. अजून पंधरा मिनिटं होती.

चिरंजीव गॅलरीत होते. झाडवाला त्यांच्याबरोबर आमच्या लिंबाच्या रोपापाशी उकिडवा बसला होता, आणि त्याची आई माझ्या बायकोला हसण्यात साथ देत होती.

“पाणी कमी नाही, जास्त होतंय,” तो मातीत बोट खुपसून सांगत होता. “मुळं गुदमरलीत बघ.”

पोरगा प्रश्नामागून प्रश्न विचारत होता. माझ्याशी बोलताना हा दोन शब्दांच्या वर जात नाही, इथे याची जीभ थांबेना! मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

“पंधरा हजारांत भागतं का हो?” मी जरा तुसडेपणानंच विचारलं.

“नाही भागत,” झाडवाला म्हणाला. “शिकवण्या घेतो. पण सोमवारी सकाळी कामावर जायचा कंटाळा येत नाही.”

सोमवारी सकाळी मला काय होतं, ते मी इथे लिहीत नाही.

मी आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसलो. शाखा बदलायच्या चौकोनावर बाण नेला आणि तिथेच धरून ठेवला. गॅलरीतून पोराच्या हसण्याचा आवाज येत होता. सहा वाजून गेले.

“बदललीत का शाखा?” बायकोनं येऊन विचारलं.

“इंटरनेट बंद पडलं,” मी म्हणालो.

तेव्हा ती ‘थोराड मुलगी’ची हकीकत बहिणीला त्याच इंटरनेटवरून, व्हिडिओवर, हातवारे करून सांगत होती! पण तिनं मला उघडं पाडलं नाही. मला वाटतं, हसून दमली असावी.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी गाठलं. त्यांच्या मुलीचा दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म गुरुवारी भरायचा आहे.

“काय घेतलं मग चिरंजीवांनी?”

“वनस्पतीशास्त्र.”

“अरेरे!” त्यांनी अशी मान हलवली, जणू घरात कोणी गेलंय. “पोर हुशार होतं हो. त्यात मिळणार काय?”

माझं डोकंच फिरलं. माझ्या पोराला अरेरे?

“एक लाख ऐंशी हजार!” मी म्हणालो.

साहेबांचे डोळे विस्फारले. त्यांनी घाईघाईनं खिशातली वही काढली आणि पेन उघडलं. तेही तपासनीसच, पण माझ्यापेक्षा पक्के.

“महिन्याला?” त्यांनी विचारलं.

“नाही तर काय!” मी म्हणालो.