एका माणसाची पिशवी

शाळेतली नमुन्याची पिशवी ऐन वेळी रिकामी निघाली, तिथून हे सगळं सुरू झालं. संकट आलं तर हाताशी असावी म्हणून ती कपाटात ठेवलेली होती. पण तिच्यातली बिस्किटं परीक्षेच्या दिवसांत शिक्षकांनीच फस्त केली होती, टॉर्चमधले सेल भिंतीवरच्या घड्याळाला गेले होते आणि शिट्टी खेळाच्या सरांनी उसनी नेली ती नेलीच. उरला होता फक्त दोरीचा एक तुकडा. तो दाखवून सातवीच्या वर्गाला काय धीर द्यायचा, असा प्रश्न भूगोलाच्या सरांना पडला.

पोरं त्यांना पाठीमागे 'आपत्तीसर' म्हणायची. गेली अकरा वर्षं ते शाळेत आणि आसपासच्या गल्ल्यांत एकच विषय शिकवत होते. भूकंप झाला तर काय करायचं, पूर आला तर कुठे जायचं, आग लागली तर कुठून पळायचं. कुणाच्या घरी चहाला गेले तरी आधी बाहेर पडायच्या वाटा मोजत आणि डोक्यावरच्या पंख्याकडे संशयाने बघत. त्यामुळे त्यांना चहाला फारसं कुणी बोलावत नसे.

मधल्या सुट्टीत ते तडक घरी गेले. घर पाच मिनिटांवर होतं. बायको बाहेर गेली होती, पण आणीबाणीची पिशवी दाराआड खुंटीला लटकत होती. ती बायकोनेच भरली होती, अर्थात त्यांच्या सांगण्यावरून. आत काय आहे ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. घरचं माणूस आपलं ऐकतं, एवढ्यावरच ते खूश होते.

वर्गात त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि मॉनिटर मुलीला एकेक वस्तू काढायला सांगितली. फळ्यावर यादी होऊ लागली. टॉर्च, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा, रक्तदाबाच्या गोळ्या, बायकी स्वेटर, बायकोचा चष्मा, बायकोचं पदवीचं प्रमाणपत्र, मेव्हणीचा पत्ता. मग एक टूथब्रश, एक चमचा, एक पेला.

"सर, तुमचा ब्रश?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"असेल तळाशी. नीट बघ."

मॉनिटरने पिशवी उलटी करून झटकली. तिच्यातून एक सेफ्टी पिन पडली.

"सर, ही तुमची का?"

वर्ग खदखदून हसला. पुढच्या बाकावरची एक मुलगी मात्र कळवळली. "सर, काकूंनी तुमची वेगळी पिशवी भरली असेल हो," ती म्हणाली. पोरांच्या हसण्यापेक्षा सरांना ही कणवच जास्त झोंबली. अब्रू सावरायला काहीतरी बोलणं भाग होतं.

"यात हसण्यासारखं काही नाही. घरोघरी असंच असतं. उद्या प्रत्येकाने आपापल्या घरातली पिशवी उघडून यादी करून आणायची."

हे बोलले नसते तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अडतीस याद्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग पालक आले. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीबाहेर बाकावर जागा पुरेना. सगळ्यात पुढे होता एक शिंपी.

"माझ्या बायकोच्या पिशवीत काय निघालं विचारा," तो म्हणाला. "शिलाई मशीनचं तेल! बावीस वर्षं झाली लग्नाला. ती मशीन वाचवणार, मला नाही."

एका घरात सासूबाईंनी मांजराचं खाणं भरलं होतं, पण सुनेसाठी काहीच नव्हतं. एका वडिलांच्या पिशवीत सिगारेटची तीन पाकिटं आणि पत्त्यांचा जोड निघाला होता, तेव्हापासून त्यांच्याशी घरात कुणी बोलत नव्हतं. एका आईच्या पिशवीत थोरल्या मुलाचे कपडे होते आणि धाकट्याचे नव्हते. तो धाकटा याच वर्गात होता. त्याने यादी स्वच्छ अक्षरात लिहून आणली होती आणि तो खाली मान घालून बसला होता.

"सर," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "भूकंप यायचा तेव्हा येईल. तुम्ही त्याच्या आधीच घरं पाडलीत."

सरांनी सगळ्यांची माफी मागितली. पालक गेले, पण सरांच्या डोक्यातला तो एक चमचा काही जाईना. बायकोने आपल्याला मनातून कधी काढून टाकलं? भांडण झाल्याचं आठवत नव्हतं. खरं तर बोलणं झाल्याचंही आठवत नव्हतं. पिशवी त्यांनी गुपचूप खुंटीला परत लावली होती आणि दोन दिवस ते चोरासारखे घरात वावरले. शनिवारी संध्याकाळी मात्र त्यांना राहवलं नाही.

"अगं, त्या पिशवीत माझं काहीच कसं नाही?"

ती कपडे घड्या करत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्हीच तर गल्लीत वाटलेल्या पत्रकात छापलंय. पिशवी हलकी ठेवा, जो माणूस त्या वेळी घरात असेल त्याचंच सामान भरा."

"मग मी?"

"अहो, मागे पाणी शिरलं तेव्हा कुठे होतात?"

"शाळेत. पोरांना गच्चीवर..."

"आणि कोपऱ्यावरची वखार पेटली तेव्हा?"

"शाळेत."

"पाण्याच्या वेळी मी शेजाऱ्यांच्या माळ्यावर दोन दिवस काढले. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात आणि दारातूनच विचारलंत, प्रयोगशाळेची किल्ली कुठाय म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना काहीतरी उत्तर देता आलं असतं. "तुमच्यावर कसला रुसवा नाही हो. तुम्ही सांगितलंत तशीच भरली मी पिशवी."

सरांना रडू येईल असं वाटलं. चारशे पोरांपैकी कुणी कुठल्या जिन्याने उतरायचं हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि घरातल्या एका माणसाचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

"यापुढे असं नाही होणार," ते म्हणाले. "काहीही झालं तरी मी आधी घरी. तुझी शपथ."

झोपायच्या आधी तिने पिशवी उतरवली आणि तिच्यात त्यांचा जुना चष्मा, दाढीचं सामान, एक शर्ट आणि दुसरा चमचा घातला. सर दाराआडून बघत होते. कित्येक वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी पावणेनऊला जमीन हादरली. कपाटाची दारं खडखडली, कपबशा खाली आल्या. दोघं जेवणाच्या टेबलाखाली शिरली. तिने त्यांची बाही घट्ट धरून ठेवली होती. हादरे थांबले तशी ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "चला." दोघं जिना उतरली. ती उजवीकडे वळली, गल्लीतली माणसं जमायची त्या मोकळ्या मैदानाकडे. सर तिच्या मागेच होते. निदान तिला तसं वाटलं. मैदानापर्यंत ती त्यांच्याशी बोलत गेली, हे त्यांना नंतर शेजाऱ्यांकडून कळलं.

सर डावीकडे वळले होते. त्यांनी तसं काही ठरवलं नव्हतं. अकरा वर्षांच्या सवयीने पाय आपोआप निघाले. शाळेच्या फाटकाशी पोचून त्यांनी धापा टाकत हाका मारायला सुरुवात केली, "सगळे मैदानात! रांगेने!"

पहारेकरी खुर्चीवरून उठला. "सर, आज रविवार आहे. शाळेत मी एकटाच आहे."

परतीची वाट पाच मिनिटांची होती. ती त्यांना फार लांब वाटली. मैदानात माणसं घोळक्याने उभी होती. कुणाला फार लागलं नव्हतं. औषधाच्या दुकानातली ताई कागद घेऊन घरोघरची माणसं मोजत फिरत होती. तिला हे काम सरांनीच शिकवलं होतं. सर पोचले तेव्हा ती त्यांच्या बायकोपाशी उभी होती. बायकोच्या खांद्यावरची पिशवी जड होऊन एका बाजूला ओघळली होती.

"काकू, घरात किती माणसं?"

"एक."

ताईने मान वर केली आणि मागे घामाघूम होऊन उभ्या असलेल्या सरांकडे बघितलं. "आणि सर?"

बायकोने वळून बघितलं. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही, आणि सरांनी खाली बघितलं ते त्यामुळेच.

"त्यांना शाळेत मोजतात गं," ती शांतपणे म्हणाली.

ताईने एकाचा आकडा लिहिला आणि ती पुढच्या घराकडे गेली.